मुलाखती उतरवताना सॉफ्टवेअरवर किती भरवसा ठेवावा?

पत्र

ताई, नमस्कार. मी समाजकार्य विषयात पीएच.डी. करते आहे. विषय आहे ऊसतोड करणाऱ्या बायकांचं आरोग्य. बीड जिल्ह्यातल्या गावांत आणि हंगामात थेट फडावर जाऊन चाळीस बायकांशी बोलले. प्रत्येक मुलाखत साधारण तासाभराची, मोबाईलवर रेकॉर्ड केलेली. गाईड सरांना तीन महिन्यांत सगळ्या मुलाखती शब्दशः लिहून हव्या आहेत. माझ्या मैत्रिणीनं तिच्या इंग्रजी मुलाखती एका वेबसाईटवर टाकल्या आणि एका रात्रीत तिचं काम झालं. मीही एक मुलाखत तिथं टाकून पाहिली. थोडा भाग हिंदीतच आला. बाकीचं वाचायला बरं वाटतं, पण त्या मावशी असं बोलल्याच नव्हत्या. टायपिंगवाल्याला द्यावं तर खर्च परवडत नाही, शिवाय काही जणी गर्भपिशवी काढल्याच्या ऑपरेशनबद्दल बोलल्या आहेत. सॉफ्टवेअर वापरणं ही लबाडी ठरेल का? वापरायचं तर कोणतं आणि कसं?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर

तू मला ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते.

सॉफ्टवेअर वापरणं ही लबाडी नाही. मात्र त्याबद्दल बोलण्याआधी एक काम आजच कर. ज्या वेबसाईटवर ती मुलाखत टाकलीस, तिथल्या तुझ्या खात्यात जा आणि आवाजाची फाईल व तिचा मजकूर, दोन्ही काढून टाक. उरलेल्या एकोणचाळीस मुलाखती तिथं अजिबात चढवू नकोस. अशा फुकट सेवा आपली फाईल किती दिवस ठेवतात, स्वतःची यंत्रणा शिकवायला वापरतात का, आणखी कुणाच्या हाती देतात का, हे त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं आणि आपण त्या अटी न वाचताच ‘मान्य’ म्हणून पुढं जातो. स्वतःच्या आवाजाबाबत तू असं केलंस तर तो तुझा प्रश्न. इथं आवाज त्या मावशींचा आहे.

त्या तासाभरात काय काय असतं, बघ. तिचं नाव, गाव, मुकादमाचं नाव, कारखाना, ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं त्याचं नाव, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, म्हणजे उचल. बीडमधल्या या ऑपरेशनांचा विषय २०१९ साली देशभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली, कितीतरी पत्रकार आणि अभ्यासक गावांत येऊन गेले. इतकं सगळं झाल्यावरही जी बाई तुझ्यासमोर बसून बोलली, ती तुझ्याकडे बघून बोलली. तिचं बोलणं नको त्या माणसाच्या कानावर गेलं, तर पुढच्या हंगामात तिला आणि तिच्या नवऱ्याला काम मिळायची पंचाईत होऊ शकते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झाला आणि त्यात संशोधनाला काही सवलत आहे हे खरं. पण तुझ्या संमतीपत्रात ‘माझा आवाज एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाईल’ असं वाक्य नसेल, तर तशी संमती त्या बाईनं तुला दिलेलीच नाही.

याच ओघात फोनही तपासून बघ. बऱ्याच मोबाईलमध्ये रेकॉर्डिंग आपोआप क्लाउडवर जाऊन पडतात. ते बंद कर, फाईली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेव, त्यांना पासवर्ड लाव, आणि फाईलच्या नावात बाईचं नाव घालू नकोस. ‘मु-०७’ एवढं पुरे. कोणता क्रमांक कुणाचा, याची यादी वहीत लिही आणि ती वही हार्डडिस्कपासून वेगळी ठेव.

आता यंत्र चुकतं कसं ते सांगते. ते कळलं की कुठं भरवसा ठेवायचा हे तुझं तुला ठरवता येईल.

ओपनएआय या कंपनीनं सप्टेंबर २०२२ मध्ये ‘व्हिस्पर’ नावाचं, आवाज ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं. मुलाखती लिहून देणाऱ्या बऱ्याच वेबसाईट आतून तेच, किंवा त्याच्यासारखंच काहीतरी वापरतात. ते शिकवायला ६ लाख ८० हजार तासांचा आवाज वापरला गेला. इंग्रजी सोडून उरलेल्या ९६ भाषांना मिळून त्यातले सुमारे १ लाख १७ हजार तास आले आणि त्यात मराठीचा वाटा अगदीच नगण्य. तुझ्या मैत्रिणीचं काम एका रात्रीत झालं आणि तुझं झालं नाही, याचं मुख्य कारण एवढंच आहे. तू काही चुकीचं बटण दाबलं नव्हतंस.

हिंदीचा घोळ मात्र टाळता येतो. भाषा ओळखायचं काम यंत्रावर सोपवलं की ते सुरुवातीचा अर्ध्या मिनिटाचा आवाज ऐकून अंदाज बांधतं, आणि मराठी-हिंदीत ते सहज फसतं. भाषा ‘मराठी’ अशी आपण स्वतः निवडून द्यायची. भाषांतराचा पर्याय वेगळा असतो, तो चुकून चालू राहिला तर सगळं इंग्रजीत येतं. तेही बघून घे.

खरी काळजी पुढची आहे. ऐकू न आलेल्या जागी माणूस थांबतो, ‘इथं कळलं नाही’ असं लिहितो. हे मॉडेल बहुतेक वेळा तसं करत नाही. आधीच्या शब्दांवरून पुढं काय येण्याची शक्यता जास्त, ते धरून लिहीत जातं. फडावर वारा सुटलाय, ट्रॅक्टर चालू आहे, बाई बोलता बोलता गप्प झाली आहे, अशा ठिकाणी ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा छापतं किंवा कुणीच न उच्चारलेलं वाक्य घालतं. २०२४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हीच गोष्ट इंग्रजीत तपासली होती. सुमारे एक टक्का तुकड्यांत व्हिस्परनं पदरची वाक्यं घातली होती, आणि बोलण्यात ज्यांना लांब थांबे घ्यावे लागतात अशांच्या रेकॉर्डिंगमध्ये हे जास्त घडत होतं. एक टक्का ऐकायला कमी वाटतो. पण तुझ्या मुलाखतींत बायका नेमक्या कुठं थांबल्या असतील? ऑपरेशनच्या, मेलेल्या लेकराच्या, नवऱ्याच्या माराच्या गोष्टीपाशी. म्हणजे यंत्राला जिथं सगळ्यात जास्त अवघड जातं, तिथंच तुझ्या प्रबंधातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर आहे.

दुसरी चूक याहून फसवी. समजा मावशी म्हणाल्या, “उचल फिटलीच नाई, म्हणून पुन्ना त्याच मुकादमाकडं गेलोत.” यंत्रानं लिहिलं, “उचल फिटली, म्हणून पुन्हा त्याच मुक्कामाकडे गेलो.” वाक्य वाचायला सुरळीत आहे. ‘मुक्काम’ हा शब्दही ऊसतोडीच्या गोष्टीत खपून जातो. पण नकार गेला, मुकादम गेला, आणि कर्जात अडकलेली बाई कर्जमुक्त होऊन बसली. आकड्यांचंही तसंच. ‘पाऊण लाख’चं ‘पाऊस लाख’ झालं तर चूक डोळ्यांना खुपते. ‘साठ हजार’चं ‘आठ हजार’ झालं तर ती तशीच तक्त्यात जाऊन बसते. म्हणून उतरवलेला मजकूर नुसता वाचून तपासू नकोस. कानात आवाज चालू पाहिजे. नकार, आकडे, माणसांची आणि गावांची नावं, आजारांची आणि औषधांची नावं, एवढ्या ठिकाणी तर दोनदा ऐक.

आणि तिसरी गोष्ट, जी तू स्वतःच ओळखलीस: ‘मावशी असं बोलल्याच नव्हत्या.’ हे तुझ्या कानानं पकडलं याचं मला फार बरं वाटलं. यंत्र ‘व्हतं’चं ‘होतं’ करतं, ‘आमी’चं ‘आम्ही’, ‘गेलोत’चं ‘गेलो’. अडखळणं, तेच ते पुन्हा म्हणणं, ‘काय सांगू बाई’सारखे मधले शब्द ते गाळून टाकतं. त्याला शिकवताना मुख्यतः लिहिलेलं, नीटनेटकं मराठी दाखवलं गेलं, म्हणून ते बोललेलंही तसंच करून टाकतं. बातमीपत्रासाठी हे चालेल. तुझ्या कामात, एखादी बाई एकच वाक्य तीनदा का म्हणाली हाच पुरावा असू शकतो. उताऱ्यात ‘मावशी म्हणाल्या’ असं लिहून पुढं अवतरणचिन्हांत जे येईल, ते त्यांच्या तोंडचंच असलं पाहिजे. सॉफ्टवेअरनं सरळ केलेलं वाक्य त्यांच्या नावावर घालायचा अधिकार ना तुला आहे ना तुझ्या गाईडना.

मग वापरायचं कसं? आधी छोटी परीक्षा घे. तीन वेगळ्या मुलाखतींतून पाच-पाच मिनिटांचे तुकडे काढ. एक घरात बसून घेतलेला स्वच्छ, एक फडावरचा, आणि एक एखाद्या म्हाताऱ्या बाईचा. ते तिन्ही आधी स्वतः हातानं उतरव, मगच यंत्राचं लिखाण उघड. यंत्राचं आधी वाचलंस तर तुला तेच ऐकू येऊ लागेल, हा धोका मोठा असतो. दोन्ही समोरासमोर ठेवून शंभर शब्दांत किती चुकले ते मोज. माझा आडाखा असा, की शंभरात पंधरा-वीस चुकत असतील तर दुरुस्त करण्यात वेळ वाचतो. तीसच्या वर गेले तर कोऱ्या पानावर लिहिणं सोपं जातं, कारण चुकलेला शब्द शोधायचा, पुसायचा आणि नवा घालायचा, अशी तीन कामं होतात. तू बायकांच्या घरात बसून घेतलेल्या मुलाखती पहिल्या गटात येतील आणि फडावरच्या दुसऱ्या, असा माझा अंदाज आहे. म्हणजे चाळीसही मुलाखतींना एकच पद्धत लावायचा अट्टहास नको.

स्वच्छ मुलाखतींसाठी व्हिस्पर स्वतःच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड करून घे. एकदा डाउनलोड केलं की त्याला इंटरनेट लागत नाही, आवाज घराबाहेर जात नाही, पैसेही पडत नाहीत. त्याची लहान-मोठी मॉडेलं आहेत. मराठीसाठी लहान मॉडेल जवळजवळ निरुपयोगी, मोठंच घ्यावं लागतं, आणि त्याला सुमारे दहा जीबी मेमरीचं ग्राफिक कार्ड असलेला कॉम्प्युटर लागतो. साध्या लॅपटॉपवरही ते चालवता येतं, फक्त फार हळू. रात्री लावून झोपायचं. आयआयटी मद्रासमधल्या ‘एआय४भारत’ या गटानं भारतीय भाषांच्या आवाजांवर शिकवलेली मॉडेलंही खुली केली आहेत. त्यांनी आपल्याकडच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आवाज गोळा केले आहेत, त्यामुळे परीक्षेत त्यांनाही बसव. ही मॉडेलं बसवताना काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात. तुझ्या विद्यापीठाच्या संगणक विभागातल्या एखाद्या विद्यार्थ्याची मदत घे, पण खऱ्या मुलाखतीची फाईल त्याच्या हाती देऊ नकोस. चाचणीसाठी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून दे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या भाषासेवेचं नावही तुझ्या कानावर येईल. ते इंटरनेटवरून चालतं, म्हणून संमतीचा प्रश्न तिथंही उभा राहतोच.

व्हिस्परला सुरू करताना थोडे शब्द आधी सांगून ठेवता येतात. त्या जागेत ‘कोयता, उचल, मुकादम, टोळी, फड, मोळी, वाढं, कोपी, खाडा, पट्टा पडणे, पिशवी’ असे तुझ्या विषयातले शब्द आणि कारखान्यांची नावं घाल. ही जागा लहान असते आणि देवनागरीनं ती लवकर भरते, तेव्हा नेहमी येणारे आणि नेहमी चुकणारे शब्दच निवड. फरक पडतो, चमत्कार होत नाही.

फडावरच्या गोंगाटातल्या मुलाखतींसाठी मला वेगळीच पद्धत सुचवायची आहे आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. गूगल डॉक्समध्ये किंवा फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय आहे. गूगलनं ती मराठीला २०१७ साली दिली. बरेच जण तिथं मुलाखत स्पीकरवर लावतात आणि माइक समोर धरतात. त्यातून हाती काही लागत नाही. तू कानात हेडफोन घाल, एक वाक्य ऐक, थांबव, आणि तेच वाक्य स्वतःच्या आवाजात, स्वच्छ आणि सावकाश बोल. एका माणसाचा, जवळच्या माइकवरचा, शांत खोलीतला आवाज यंत्राला बराच चांगला कळतो. बीबीसीत थेट कार्यक्रमांखाली येणारी अक्षरं बरीच वर्षं याच रीतीनं तयार होत आली आहेत. कुणीतरी ऐकतं, पुन्हा बोलतं, आणि यंत्र त्या एकाच आवाजावरून लिहितं.

यात तुझे दोन फायदे आहेत. टाइपिंगचा ताण जातो, आणि इंटरनेटवर जातो तो तुझा आवाज, मावशींचा नव्हे. बोलतानाच नावाच्या जागी ‘मु-०७’ म्हण, गावाच्या जागी ‘गाव एक’, दवाखान्याच्या जागी ‘दवाखाना अ’. म्हणजे ओळख पटेल असं काही बाहेर जातच नाही. काही मुलाखती मात्र अशा असतील की एवढी काळजी घेऊनही त्यांतली हकिकत त्या एकाच बाईची आहे हे तालुक्यात कुणालाही कळेल. त्या हातानंच लिही. बोलीतले शब्द इथंही यंत्र सरळ करेल, ते लगेच हातानं परत घाल. वाक्य नुकतंच कानावरून गेलेलं असतं, त्यामुळे हे काम पटकन होतं.

कोण बोललं, हे व्हिस्पर आपणहून सांगत नाही. त्यासाठी वेगळी साधनं आहेत, पण दोन माणसं एकदम बोलली की तीही गडबडतात. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न बाईला विचारला आणि उत्तर नवऱ्यानं दिलं, असं ठिकठिकाणी असणार. सासू मध्ये बोलली असेल, मुकादम येऊन उभा राहिल्यावर बाईचा सूर बदलला असेल. हे ट्रान्सक्रिप्टमध्ये आलंच पाहिजे: ‘(नवरा मध्येच)’, ‘(मुकादम आला, त्यानंतर हळू आवाजात)’. तू तिथं होतीस, तुला आठवतं. कोणत्याही यंत्राला ते माहीत असणं शक्य नाही. हे कंस तू तीन महिन्यांनी घालायला बसलीस तर अर्धे विसरलेली असशील, म्हणून यंत्राचं लिखाण येण्याची वाट न बघता आत्ताच प्रत्येक मुलाखतीची चार-पाच ओळींची टिपणं लिहून ठेव.

दुरुस्तीसाठी वर्डची खिडकी आणि गाणी ऐकायचं अ‍ॅप, अशी कसरत करू नकोस. ‘ओट्रान्स्क्राइब’ हे फुकट साधन आहे. आवाज आणि मजकूर एकाच पानावर राहतात, एका कळीनं थांबवता येतं, मागं नेता येतं, वेग कमी करता येतो, आणि फाईल तुझ्याच कॉम्प्युटरवर राहते. बोलीचा बारीक अभ्यास करायचा असेल तर नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक भाषासंस्थेचं ‘एलान’ आहे. तुला त्याची गरज पडेल असं वाटत नाही. दर एक-दोन मिनिटांनी वेळेची नोंद ठेव, म्हणजे प्रबंध लिहिताना शंका आली की नेमक्या जागी जाता येतं. मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नकोस, काम प्रतीवर कर. वाऱ्याचा आवाज काढायला ‘ऑडॅसिटी’सारखं साधन वापरलंस तरी जपून. गोंगाट पुसता पुसता शब्दांच्या कडाही पुसल्या जातात आणि यंत्राला आणखीच कमी कळतं. आवाज थोडा मोठा करणं बहुतेक वेळा पुरतं.

बोली कशी लिहायची, याचा नियम पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिही. ‘नाई’ ठेवायचं की ‘नाही’? ‘पुन्ना’ की ‘पुन्हा’? मी शब्द आणि व्याकरण बोललं तसं ठेवीन, आणि उच्चाराच्या प्रत्येक बारकाव्यामागं धावणार नाही. पण तू जे ठरवशील ते चाळीसही मुलाखतींत सारखं हवं. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण इंटरनेटवर ठेवलं आहे ते चाळून बघ. गावोगावच्या माणसांचं बोलणं तिथं कसं लिहिलंय ते पाहून तुला दिशा मिळेल.

टायपिंगवाल्याचा रस्ता मी पूर्ण बंद करणार नाही. पण त्याच्याकडून गुप्ततेचं लेखी वचन घे, तो त्या बायकांच्या तालुक्यातला नसावा हे बघ, आणि ऑपरेशनच्या मुलाखती त्याच्याकडे देऊ नकोस. मजकूर युनिकोडमध्येच हवा, हे आधी बजाव. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये केलेलं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की अक्षरांचा खिचडा होतो आणि ‘उचल’ हा शब्द चाळीस मुलाखतींत शोधायची सोय राहत नाही. शहरातला टायपिस्ट ‘अर्धा कोयता’ ऐकून काहीतरी चुकलंय असं समजेल आणि स्वतःच्या मनानं दुरुस्त करेल. एकट्या मजुराला तसं म्हणतात हे त्याला सांगितलं तरच कळणार. म्हणजे तपासणी तिथंही तुलाच करायची आहे.

आता गाईड सरांचे तीन महिने. एक तासाची स्वच्छ मुलाखत हातानं उतरवायला सरावाच्या माणसालाही चार ते सहा तास लागतात. बोली आणि गोंगाट असेल तर त्याहून जास्त. चाळीस तासांचे सहाच्या हिशेबानं दोनशे चाळीस तास झाले, म्हणजे रोज चार तास बसलीस तर सलग साठ दिवस. सॉफ्टवेअरनं यातला काही भाग वाचेल, पण ऐकण्याचा वेळ वाचणार नाही. परीक्षेच्या तीन तुकड्यांचे आकडे घेऊन सरांकडे जा. यंत्राचं लिखाण आणि तुझं लिखाण शेजारी शेजारी छापून त्यांच्यासमोर ठेव, ‘उचल फिटली’सारखी उलटी झालेली वाक्यं लाल पेनानं खुणावून. त्यांना यंत्राची मर्यादा सांगून पटणार नाही, दिसली की पटेल.

आणि त्याच भेटीत विचार, की चाळीसच्या चाळीस शब्दशः हव्यातच का? माझं मत आहे, नकोत. पंधरा-सोळा मुलाखती, ज्यांवर तुझं विश्लेषण उभं राहणार आहे, त्या पूर्ण आणि काटेकोर उतरव. बाकीच्यांची वेळेनुसार सूची कर: ‘१२ मिनिटं, पहिली उचल, १९ मिनिटं, बाळंतपणानंतर किती दिवसांनी फडावर, ३४ मिनिटं, ऑपरेशनचा सल्ला कुणी दिला.’ त्यातलं जे उद्धृत करायचं तेवढंच शब्दशः लिही. अशा सूचीसाठी यंत्राचं कच्चं लिखाण खरोखर कामाचं असतं. निम्मे शब्द चुकले असले तरी ‘ऑपरेशन’ कुठं आलं ते सापडतं आणि तिथं जाऊन तू स्वतः ऐकतेस. सरांनी तरी चाळीसचा आग्रह धरला, तर मुदत वाढवून माग. घाईनं केलेली चाळीस ट्रान्सक्रिप्ट पुढं ज्या कुणाच्या हाती जातील, तो ती खरी मानेल. त्यात ‘उचल फिटली’ असं छापलेलं असेल तर ते त्या बाईवर अन्याय करणारं आहे.

लबाडीचं विचारलंस. लबाडी झाली असती ती लपवण्यात. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात सरळ लिही: कोणतं मॉडेल, त्याची कोणती आवृत्ती, कोणत्या मुलाखतींना वापरलं, आणि किती मजकूर पुन्हा ऐकून तपासला. प्रत्येक ट्रान्सक्रिप्टच्या तीन फाईली ठेव. यंत्राचं कच्चं लिखाण, तू ऐकून दुरुस्त केलेलं, आणि ओळख पुसलेलं. परीक्षकानं विचारलं तर दाखवता येतील.

राहिली ती वेबसाईटवर गेलेली मुलाखत. फाईल काढून टाकल्यानंतर तुमच्या विद्यापीठात संशोधनाची नैतिकता समिती असेल तर तिला दोन ओळींत कळव. आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्या गावी परततात, तेव्हा त्या मावशींना जाऊन भेट. त्यांना समजेल अशा शब्दांत सांग, की तुमचं बोलणं लिहून काढायला मी एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर टाकलं होतं, आता ते काढलंय, तुमचं नाव कुठंही येणार नाही. मुलाखत ठेवू की पुसू, हेही विचार. पुस म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पूस, आणि प्रबंध एकोणचाळीस मुलाखतींचा होऊ दे. बाकीच्या बायकांनाही भेटशील तेव्हा हेच विचार, एकेकटीला, नवरा आणि मुकादम जवळ नसताना: तुमचा आवाज माझ्या कॉम्प्युटरवर किती दिवस ठेवू, आणि माझं काम झाल्यावर त्याचं काय करू? जे सांगतील ते त्यांच्या क्रमांकापुढं वहीत लिहून घे.